कढीत परत आलेले कार्ब

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक रील टाकली. ५८ सेकंदांची. पांढरंशुभ्र स्वयंपाकघर, काचेची बरणी, आणि एक फिट माणूस सांगतोय की दही २४ तास विरजत ठेवा, जिवाणू त्यातली सगळी साखर खाऊन टाकतात, मग हे दही 'झीरो कार्ब', डायबेटिसवाल्यांनी बिनधास्त खावं. मी खाली लिहिलं, 'पप्पा, हे ट्राय करू.' त्यावर तीन अंगठे, दोन जोडलेले हात आणि एका काकांकडून गुलाबाचा गुच्छ आला.

मी इंजिनिअर आहे. रोजच्या कामात कुणी म्हणालं की 'सिस्टीम शंभर टक्के चालते', तर माझा पहिला प्रश्न असतो, लॉग दाखव. त्या रीलला मी लॉग मागितला नाही.

जूनमध्ये पप्पांचं एचबीए१सी ७.२ वरून ८.५ वर गेलेलं निघालं. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या नीट चालू आहेत ना? पप्पा खिडकीबाहेर बघायला लागले. घरी येऊन मी त्यांचा गोळ्यांचा डबा उघडला तर संध्याकाळच्या गोळीची पाकिटं तशीच. मी आवाज चढवला. ते शांतपणे म्हणाले, "अरे तूच टाकलं होतंस ना ग्रुपवर. दह्यात साखरच नाही म्हटल्यावर रात्रीची गोळी कशाला? तू काय खोटं सांगणारेस का?"

हा माणूस चिकलठाणा एमआयडीसीत तीस वर्षं शिफ्टमध्ये राबून रिटायर झाला. मशीनचं माप चुकलं तर अख्खा लॉट परत येतो, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण त्या रीलवर त्याने विश्वास ठेवला नव्हता. त्याने माझ्यावर ठेवला होता. म्हणून हा लेख. आधी माझ्याविरुद्ध, मग माझ्यासारख्या सगळ्यांविरुद्ध, जे रात्री साडेअकराला अंथरुणात पडून दुसऱ्याच्या आई-बापांचे डाएटिशियन होतात.

(मध्येच एक गोष्ट सांगून टाकतो. दह्याने गोळी सुटत नाही. कुठल्याही दह्याने. गोळी कमी करायची की नाही हे डॉक्टर ठरवतात. हे वाक्य त्या ५८ सेकंदांत सहज बसलं असतं.)

आता त्या २४ तासांचं बघू. मी नंतर खणत गेलो तेव्हा कळलं की हा आकडा डायबेटिसमधून आलेलाच नाही. अमेरिकेत एलेन गॉटशॉल नावाच्या बाई होत्या. त्यांच्या मुलीला आतड्याचा गंभीर आजार होता. त्यातून त्यांनी लिहिलेलं 'ब्रेकिंग द व्हिशस सायकल' हे पुस्तक आतड्याचे रुग्ण अजून वाचतात. त्यात २४ तास विरजलेलं दही आहे, कारण त्या रुग्णांना दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, जमेल तेवढं टाळायचं असतं. दुसरा धागा 'गो-डाएट' या १९९० च्या दशकाच्या शेवटी आलेल्या पुस्तकाचा. त्यांचं म्हणणं असं की दह्याच्या डब्यावर छापलेले कार्ब खोटे आहेत, खरे कपभर दह्यात चारच ग्रॅम असतात. हे दोन धागे कुणीतरी एकत्र वळले, वरून 'झीरो' चिकटवला आणि तो दोर माझ्या फोनपर्यंत आला.

गंमत म्हणजे गो-डाएटवाल्यांच्या बोलण्यात अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं मला फार आवडलं. पाकिटावरचे कार्ब बहुतेक वेळा मोजलेले नसतात, ते वजाबाकीने काढतात. १०० ग्रॅम पदार्थ घ्या, त्यातून पाणी, प्रोटीन, फॅट आणि राख वजा करा, उरेल त्याला कार्ब म्हणा. आमच्या भाषेत ही 'एल्स' कंडिशन झाली, कुठेच न बसलेलं सगळं त्यात. दह्यात जिवाणूंनी साखरेचं लॅक्टिक अ‍ॅसिड केलेलं असतं. ते साखर नाही, साखरेसारखं लगेच रक्तात चढतही नाही. पण वजाबाकीत तेही कार्बमध्येच मोजलं जातं. म्हणजे पाकिटावरचा आकडा खऱ्यापेक्षा थोडा फुगलेला असतो. इथवर बरोबर.

थोडा म्हणजे किती, इथे घोडं पेंड खातं. दुधात साधारण पावणेपाच टक्के लॅक्टोज असतं. दही लागेपर्यंत जिवाणू त्यातला पाव भाग खातात, फार तर तिसरा. त्यानंतर त्यांनी स्वतःच बनवलेल्या आंबटपणात त्यांचाच जीव गुदमरतो आणि काम मंदावतं. आणखी ठेवलं तर आणखी थोडं कमी होतं, शून्य होत नाही. शिवाय लॅक्टोजचे दोन तुकडे होतात, ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज. दह्यातल्या बऱ्याच जिवाणूंची खोड अशी की ग्लुकोज खायचं आणि गॅलॅक्टोज तसंच पानात टाकून उठायचं. जिवाणूही आमच्या चुलतभावासारखे, पनीर खाऊन वाटाणे ठेवणारे.

आणि रीलमधले २४ तास हे यंत्रातले, नेमक्या तापमानातले आहेत. आमच्या मुकुंदवाडीत मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की सकाळी विरजलेलं दही दुपारी जेवायला तयार असतं आणि संध्याकाळी ते खाताना एक डोळा आपोआप मिटतो. डिसेंबरात तेच भांडं गोधडीत गुंडाळून पिठाच्या डब्याशेजारी ठेवावं लागतं. आईने मेमध्ये माझ्या हट्टाखातर २४ तास बाहेर ठेवलं. त्या दह्याचा वास जिन्यापर्यंत आला. "हे तुझं झीरो," असं म्हणून तिने ते तुळशीच्या कुंडीतही ओतलं नाही.

जुलैत मी शहाण्यासारखं वागायचं ठरवलं. वजनकाटा आणला, स्प्रेडशीट उघडली, आणि २४ तासांचा नाद सोडून गाळायच्या मार्गाला लागलो. दह्यातली उरलेली साखर पाण्यात विरघळलेली असते. फडक्यात टांगलं की पाणी गळतं, त्यासोबत साखरही जाते. म्हणजे चक्का. हा हिशेब नीट वाचा, कारण सगळा धंदा यावर चालतो.

लिटरभर टोन्ड दुधात साधारण ४८ ग्रॅम लॅक्टोज. दही लागल्यावर उरलं ३६. रात्रभर टांगून मला ४०० ग्रॅम चक्का मिळाला आणि खाली ६०० ग्रॅमच्या आसपास पाणी. साखर पाण्याच्या प्रमाणात वाटली जाते असं धरलं तर चक्क्यात राहिली १३ ग्रॅम, पाण्यात गेली २३. ३६ चे १३! मी ती स्प्रेडशीट आनंदाने बहिणीला पाठवली. ती फार्मसीला आहे. तिचं उत्तर आलं, 'पण एका वाटीत किती?'

एका वाटीत? १०० ग्रॅम दह्यात साडेतीन ग्रॅम साखर होती. १०० ग्रॅम चक्क्यात सव्वातीन. बस. पाव ग्रॅमचा फरक. साखर कमी झाली कारण वाट्याच कमी झाल्या. प्रोटीन मात्र एका वाटीत दुपटीच्या वर गेलं, सव्वातीनचं सातच्या आसपास. चक्क्याची खरी कमाई एवढी आहे आणि ती वाईट नाही. घट्ट असल्यामुळे अर्ध्या वाटीत पोट मानतं, मग साखरही अर्धीच जाते. पण याला 'लो-कार्ब' म्हणायचं तर खाणाऱ्याने वाटी लहान घेतली पाहिजे. भांडं बदलून चालत नाही.

हेच कप आता अॅपवर दहा मिनिटांत घरी येतात. कपावर ग्रीक आणि हाय प्रोटीन लिहिलेलं असतं. मी पुण्यात असताना महिनाभर आणले. शंभर ग्रॅमच्या आतबाहेरचा कप, आणि दोन कपांच्या पैशांत लिटरभर दूध येऊन वर सुटे उरत होते. मला पैशांचा राग नाही, ज्याला सोय हवी त्याने घ्यावी. राग 'ग्रीक'चा आहे. इंग्लंडमध्ये या शब्दावरून दोन कंपन्या कोर्टात गेल्या, फागे आणि चोबानी. २०१३ मध्ये तिथल्या कोर्टाने सांगितलं की ग्रीसमध्ये न बनलेल्याला तिथे ग्रीक म्हणून विकता येणार नाही, आणि पुढच्या वर्षी अपिलातही तेच टिकलं. गाळलेल्या दह्याच्या नावासाठी लोक एवढे भांडतात. आमच्याकडे चक्का हा शब्द दुकानात मागितला की दुकानदार विचारतो, "श्रीखंड करायचंय का?" चक्का नुसता, मीठ-जिरं घालून खायची गोष्ट आहे, हे आपल्याच डोक्यातून गेलंय.

यात आणखी दोन खड्डे आहेत, पटकन सांगतो. एक, 'प्रोटीन वाढवायला दुधात दोन चमचे मिल्क पावडर घाला.' सपरेट दुधाच्या पावडरीत जवळपास निम्मं लॅक्टोजच असतं. कार्ब कमी करायला बसलात आणि साखरेचा चमचा घातलात. दोन, 'लॅक्टोज-फ्री' म्हणजे लो-कार्ब असा समज. लॅक्टोज-फ्री दुधात एन्झाइम घालून साखरेचे दोन तुकडे आधीच केलेले असतात. ज्यांना दूध पचत नाही त्यांच्यासाठी छान. पण साखर कुठेही गेलेली नसते, उलट दूध जास्त गोड लागतं. माझा पुण्याचा रूममेट सहा महिने ते 'कीटो' म्हणून पीत होता.

आता माझ्या प्रयोगातला बग.

ऑगस्टपर्यंत आमच्याकडे दर दोन दिवसांनी चक्का होत होता. पप्पांची साखर मी जेवणानंतर दोन तासांनी मोजायचो, आकडे लिहायचो, आणि काही दिवस ते विनाकारण वर जायचे. मी स्ट्रिपला दोष दिला, झोपेला दिला. मग एका शनिवारी वर्क फ्रॉम होम करताना स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो, तर आई चक्क्याखालचं पाणी पातेल्यात ओतत होती.

"काय करतेस?"

"कढी. एवढं चांगलं पाणी, फेकू का?"

२३ ग्रॅम. माझ्या स्प्रेडशीटमधून वजा झालेले २३ ग्रॅम, वर दोन चमचे बेसन आणि चवीला साखर, आणि पप्पांच्या ताटात दोन वाट्या. मी फक्त वाटीचा हिशेब ठेवत होतो, आई घराचा. तिच्या हिशेबात दुधातलं काहीच वाया जात नाही, ती कणीकसुद्धा त्याच पाण्यात भिजवते. चूक तिची नव्हती. मी तिला सांगितलंच नव्हतं की हे सगळं कशासाठी चाललंय. फक्त 'आई, टांगून ठेव' एवढंच सांगायचो.

आणि इथे मला या सगळ्या 'घरच्या घरी बनवा' प्रकाराशी भांडायचंय. घरच्या घरी कोण बनवतं? रीलमधला माणूस बरणीचं झाकण उघडतो. त्याचं फडकं कोण धुतं? चक्क्याचं फडकं धुणं हा एक स्वतंत्र छळ आहे. तूप धरलेलं, आंबूस, तीन पाण्यांशिवाय न निघणारं. या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, मध्ये कितीतरी दिवस जातात. ड्रम भरून ठेवायचे आणि पुढच्या पाळीपर्यंत मापून वापरायचे. जायकवाडीसारखं धरण एवढ्या जवळ असून. त्या ड्रममधलं पाणी माझ्या ७ ग्रॅम प्रोटीनसाठी फडक्यावर चाललं होतं, आणि ते मी नाही, आई ओतत होती. आता फडकं मी धुतो. यात मोठेपणा नाही. चार वेळा धुतल्यावर चक्का आठवड्यातून एकदा पुरे असं माझंच मत झालं, हे मात्र सांगितलं पाहिजे.

कढीचा उलगडा झाला तरी सगळे आकडे जुळेनात. सगळ्यात वाईट आकडा गुरुवारचा होता. पप्पांचा गुरुवारचा उपवास वीस वर्षांचा. उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी आणि सोबत दही. मी इतके महिने दह्याकडे बघत होतो. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च असतो. एका ताटलीला ७० ग्रॅम कोरडा साबुदाणा धरला तरी ६० ग्रॅम कार्ब झाले, बटाटा वेगळा. आणि 'झीरो कार्ब' दही सोबत आहे म्हणून पप्पा अर्धी ताटली जास्त घेत होते. मी विचारलं तर म्हणाले, "दही आहे ना सोबत, बॅलन्स होतं."

दही बदलून मी दोन-अडीच ग्रॅम वाचवत होतो, आणि त्याच्या शेजारी ६० चे ९० होत होते.

माझं भांडण नेमकं हे आहे. दही हा आपल्या ताटातला आरोपी नाही. भारतात १० कोटींहून जास्त लोकांना डायबेटिस आहे असं आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासात आलं. त्याच गटाच्या २०२५ च्या अभ्यासानुसार आपल्या उष्मांकातले सुमारे ६२ टक्के कार्बमधून येतात. ते भात, पोळी, साखर, मैदा, साबुदाण्यातून येतात. पण साबुदाण्याविरुद्ध रील केली तर कमेंटमध्ये शिव्या पडतात आणि विकायलाही काही नसतं. दह्यात बरणी विकता येते, कल्चरची पुडी विकता येते, यंत्र विकता येतं. आपण ताटातल्या त्या पदार्थाला सुधारत बसतो जो आधीच बरा होता, कारण ते सोपं आणि फोटोजेनिक आहे.

दुसऱ्या बाजूचे लोक हे वाचून खूश होतील, त्यांनाही सोडत नाही. 'आमच्या आजीला सगळं माहीत होतं' वाले. २०१८ च्या आसपास मराठी घरांमध्ये दीक्षित की दिवेकर यावर जेवणाच्या टेबलावर भांडणं व्हायची. आमच्याकडेही झाली, काका दोन वेळा जेवायच्या बाजूने, काकू तुपाच्या. तेव्हापासून एक तिसरा पक्ष वाढलाय, ज्याच्या मते पूर्वीचं ते सगळं बरोबर. माझ्या आजीला उत्तम दही लावता यायचं. विरजणाच्या वाटीला ती देवासारखी जपायची. पण लॅक्टोज किती उरतं हे तिला माहीत नव्हतं आणि असायचं कारणही नव्हतं. आणि त्याच चक्क्यात ती बरोबरीने साखर घालायची. श्रीखंडाच्या सरकारी मानकात पाणी सोडून उरलेल्या भागात ७२.५ टक्क्यांपर्यंत साखर चालते. हीही आपलीच परंपरा. ती सणाला खायची आणि दिवसभर उभं राहून काम करायची. आपण ऑर्डर करतो आणि बसतो.

दह्याला जादू चिकटवणं नवीन नाही म्हणा. शंभर वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये मेचनिकॉफ यांनी बल्गेरियातले शेतकरी आंबट दुधामुळे दीर्घायुषी होतात असं मांडलं आणि युरोपभर दह्याची लाट आली. त्यांना १९०८ मध्ये नोबेल मिळालं होतं, पण ते पेशी जंतूंना कसं गिळतात या कामासाठी, दह्यासाठी नाही. लोकांनी नोबेल बघितलं आणि दही खाल्लं. आपण सिक्स-पॅक बघतो.

काहीजण म्हणतील, एवढं काय, खोट्या कारणाने का होईना, माणूस दही तर खातोय. नाही. खोट्या कारणाने खाल्लेल्या गोष्टीला मर्यादा राहत नाही. 'झीरो'ला कितीने गुणलं तरी शून्यच, म्हणून तर अर्धी ताटली वाढली आणि गोळी सुटली.

आमच्या घरी आता असं चालतं. दही रोजचं, पिशवीच्या दुधाचं, सहा-सात तासांत लागलेलं. चक्का रविवारी, मीठ, जिरेपूड आणि कांदा घालून, अर्धी वाटी. खालच्या पाण्याची कढी मी आणि आई पितो, पप्पांना नाही. गोळ्या दोन्ही वेळच्या. गुरुवारी भगर, तीही मोजून, आणि शेंगदाण्याची आमटी जास्त. साबुदाणा पूर्ण बंद करायला पप्पा तयार नाहीत. महिन्यातून एका एकादशीला करार झालाय, त्यावर त्यांची सही घ्यावी असं आईचं म्हणणं आहे. डिसेंबरचा रिपोर्ट ७.४ आला. तो गोळीने आला की साबुदाण्याने, हे मला वेगळं काढून दाखवता येणार नाही.

ग्रुपवरची ती रील काढून टाकायची मुदत केव्हाच संपली होती. मग मी तिलाच उत्तर म्हणून चार परिच्छेद लिहिले. आकडे, कढी, गोळ्या, सगळं. माझी चूक आहे असंही लिहिलं. त्यावर कुणाचंच काही आलं नाही. तीन दिवसांनी गुलाबवाल्या काकांनी मूळ रील वर ओढून पुन्हा एकदा अंगठा दिला आणि विचारलं, 'बरणी कुठे मिळते?' मी फोन लावला तेव्हा ते त्यांच्या साखरेच्या गोळ्यांबद्दल बोलायला तयार नव्हते. काकूंनी फोन घेतला, म्हणाल्या, "तूच ये एकदा समजवायला, तुझंच ऐकतात ते." रविवारी जातोय.